पल्याडचे बेडूक

आबांना ती गोष्ट समजावून सांगायला नूतनला काहीच कष्ट पडले नव्हते, आणि पुढे तिला सगळ्यात जास्त बोचलं ते हेच.

नूतन अमळनेरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. माहेर मुक्ताईनगरच्या पुढे, निंबखेडीला. वडील जीवराम, पण घरात आणि गावात सगळ्यांचे ते आबाच. आई मंदाबाई. धाकटा भाऊ नवीन आता शेती सांभाळायचा. केळी आणि थोडी कपाशी. शेताच्या खालच्या अंगाला नाल्याच्या वळणावर एक डबकं होतं. कधीकाळी तिथून मुरूम काढलेला, मग त्या खड्ड्यात नाल्याचं पाणी शिरलं ते राहिलंच. उन्हाळ्यात तळाशी नुसता चिखल उरायचा आणि त्या चिखलात मोठे हिरवट बेडूक खोल रुतून पडलेले असायचे. पावसाळा लागला की ते वर यायचे, नर हळद लावल्यासारखे पिवळेधमक व्हायचे आणि भर दिवसा ओरडून शेत डोक्यावर घ्यायचे. नूतनने पीएच.डी. केली ती या बेडकांवर. गावातले लोक हसायचे. जीवरामची पोर पुण्याला शिकायला गेली आणि फिरून आपल्याच डबक्यात आली, म्हणायचे.

तिचा विषय असा होता. पूर्वी तो नाला रस्त्याच्या पलीकडे सुपडूभाऊच्या शेतापर्यंत सलग होता. सुपडूभाऊ म्हणजे आबांचा बालमित्र. त्याच्या शेतातही असंच एक तळं होतं आणि पावसाळ्यात इकडचे बेडूक तिकडे, तिकडचे इकडे जात-येत. मग धुळ्याकडून येणारा हायवे चौपदरी झाला. भराव टाकून रस्ता माणसापेक्षा उंच गेला, मधोमध काँक्रीटचा कठडा उभा राहिला. नाल्यासाठी खालून पाइप टाकला होता, तो गाळाने बुजला. केळीला ठिबक आलं तसे पाट बंद झाले, बांधावरचं गवत फवारणीने गेलं. जी नवी शेततळी झाली त्यांना आतून काळा प्लास्टिकचा कागद. त्यात बेडूक पडला तर पाय घसरून मरायचा, वर चढायचा नाही. डबकं तेवढं राहिलं, सगळ्या बाजूंनी कोंडलेलं.

नूतन वर्षानुवर्षं तिथल्या बेडूकमाशांच्या, म्हणजे बेडकांच्या शेपटीवाल्या पिल्लांच्या, शेपटीच्या टोकाचे तुकडे घेऊन प्रयोगशाळेत पाठवत होती. त्या हिवाळ्यात सगळ्याचा मिळून निकाल आला. डबक्यातले बेडूक दिसायला पुष्कळ होते, पण आतून ते सगळे एकाच घरातले होऊन बसले होते. पिढीमागून पिढी त्यांच्यातला वेगळेपणा झिजत चालला होता. अंडी फुकट जाण्याचं प्रमाण वाढलं होतं, वाकड्या शेपटीची पिल्लं वाढली होती. सुपडूभाऊच्या तळ्याला मात्र पलीकडच्या रानातून अजून वाट होती. तिथे तसं झालं नव्हतं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी ती गावी आली तेव्हा आबा बागेत केळीची वाळकी पानं कापत होते. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "काय म्हनतात तुहे बेडूक?"

तिने सांगायला सुरुवात केली. वर्गात हे शिकवताना तिचा फळा भरून जायचा, तरी मागच्या बाकांवर जांभया असायच्या. आबांनी तिला अर्ध्यातच थांबवलं.

"म्हंजे गावच्या वळूसारखं."

"कसं?"

"आमच्या लहानपनी गावात एकच वळू राहे. काही वर्सं झाली का पंच त्याले बोदवडच्या बाजारात देत आन दुसऱ्या गावचा आनत. नही तर वासरं किरकोळ निंघत, एखांदं आंधळं बी निंघे. एकच रगत फिरून फिरून." त्यांनी विळा खाली ठेवला. "आन आपली टिश्यूची रोपं बी तशीच नं वं? सारी एकाच झाडाची लेकरं. हरण्या रोग आला त्या साली एक झाड नही सोडलं त्यानं. एकाले झालं ते साऱ्याईले झालं."

"अगदी तेच आबा. एखादा आजार आला तर त्यांच्यात तगून राहणारा कोणी वेगळा उरलेलाच नाही."

"मंग याले उपाय काय?"

"पलीकडचे थोडे बेडूक इकडे यायला हवेत. येत नसतील तर आणायला हवेत."

एवढं ती बोलली. आणण्याआधी दोन्हीकडच्या बेडकांची रोगतपासणी करावी लागते, परवानगी घ्यावी लागते, हेही तिला सांगायचं होतं. पण तेवढ्यात आई चहाची किटली घेऊन बांधावरून आली, पाठोपाठ नवीन आला, आणि बोलणं दुसरीकडे वळलं.

ते वळलं ते डबक्याकडेच. नवीनला तिथे शेततळं करायचं होतं. सरकारी योजनेत नाव लागलं होतं. पोकलेनने खोदायचं, कागद अंथरायचा, हिवाळ्यात ट्यूबवेलच्या पाण्याने भरून ठेवायचं.

"ताई, मी काही बेडकाईचा दुश्मन नही," तो म्हणाला. "पन मे महिन्यात केळीले पानी कुठून देऊ ते तू सांग. शेतात खोल जागा तेवढीच हाये."

आबाच म्हणाले, "एक वरीस थांबू. तिचं काम होऊ दे."

कपातला चहा संपवून नवीन मोटर बघायला निघून गेला.

अमळनेरला परतल्यावर नूतनने अर्ज केला. पलीकडच्या तळ्यातली काही अंडी आणि काही मोठे बेडूक डबक्यात सोडण्याची परवानगी मिळावी. होळीच्या सुमारास वनखात्यातल्या एका साहेबांनी तिला बोलावलं. माणूस सज्जन होता. त्यांनी अर्ज नीट वाचला होता.

"काम चांगलं आहे, मॅडम. पण इकडचा आजार तिकडे जायला नको. दोन्हीकडच्या बेडकांची तपासणी करा, अहवाल जोडा, मी स्वतः वर पाठवतो."

विद्यार्थ्याने विचारलं असतं तर नूतननेही हेच सांगितलं असतं. अडचण एवढीच की आता तपासायला बेडूक नव्हते. दोन्हीकडचे जमिनीत गेले होते आणि पावसाळ्यापर्यंत वर येणार नव्हते. पावसाळ्यात नमुने घ्यायचे, ते पाठवायचे, अहवाल यायचा, तोवर विणीचा हंगाम संपलेला. म्हणजे पुढचं वर्ष. आणि आबांनी मागितलेलं वर्ष तर हेच होतं.

त्या साली उन्हाळा भयंकर पडला. वैशाखात ट्यूबवेल तासभर चालून हवा ओढायला लागली. केळीची पानं कडेने करपली, बुंधे मधूनच मोडले, नुकते निसवून बाहेर पडलेले घड पोसायच्या आत सटकून खाली आले. नवीनने तिला मोबाइलवर त्याचे फोटो पाठवले. खाली एक अक्षरही लिहिलं नव्हतं. तिने फोन केला तेव्हा आबा म्हणाले, "त्याच्याकडं लक्ष नको देऊ. बाग पुन्हा लावता येते."

आषाढात आबांचा फोन आला. आवाजात लहान मुलासारखं काहीतरी दाबून धरलेलं होतं.

"रैवारी ये. तुले एक गंमत दाखवाची हाये."

ती भुसावळपर्यंत रेल्वेने आणि तिथून एसटीने गेली. आबा तिला घरी न नेता थेट शेतावर घेऊन गेले. डबकं भरलं होतं. काठावर सुपडूभाऊ बिडी ओढत बसला होता, तो उठून उभा राहिला. पाण्यात पिवळे नर तरंगत होते, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडत होते.

"वळख पाहू," आबा म्हणाले. "यातले आपले कोनते आन पल्याडचे कोनते?"

नूतनला क्षणभर समजलंच नाही. समजलं तेव्हा ती पाण्यापाशी वाकून बघायला लागली.

"कधी आणले?"

"पंधरवडा झाला. तुले बोललो नही. म्हटलं, अंडी पडू दे आधी, मंग सांगू."

"केळीच्या कॅरेटमधी ओलं गोनपाट टाकलं आन आनले माह्या मोटारसायकलवर," सुपडूभाऊ म्हणाला. "पन त्या हायवेले वळायची जागा लय दूर, ताई. तेवढ्यात एकानं भर रस्त्यात उडी मारली. तुहा बाप ट्रकाईच्या मधी उतरला त्याले धराले!"

दोघे म्हातारे हसत होते. नूतनसाठी आजवर कोणीही इतकं मोठं काही केलं नव्हतं, पण ते तपासणीशिवाय केलं होतं. पाण्याच्या कडेला बेडूकमाशांचे काळे पुंजके वळवळत होते. नव्या बेडकांची वीण होऊनही गेली होती.

"आबा, त्यातला कोणी सुस्त नव्हता ना? मांडीवर, पोटावर लाल डाग असलेला?"

"सुस्त कसा आनीन मी? बैल पारखतात तसे पारखून आनले."

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिला पुढचं बोलवेना. बोलून तरी काय होणार होतं? दुधात विरघळलेली साखर वेचून काढता येत नाही. ती एवढंच म्हणाली, "छान केलं, आबा." मग पाण्यात उतरून काही बेडूक तिने धरले, कापसाचा बोळा फिरवून त्यांचे नमुने घेतले, तसेच सुपडूभाऊच्या तळ्यावरचेही घेतले आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत रवाना केले.

त्यानंतरचे काही आठवडे मात्र सुखाचे गेले. ती दर रविवारी यायची. बेडूकमासे भराभर वाढत होते. वाकड्या शेपटीची पिल्लं या खेपेला शोधावी लागत होती. आबा तिच्या शेजारी उकिडवे बसून पांढऱ्या थाळीत पिल्लं पाहायचे आणि विचारायचे, "रगत बदललेलं दिसते का वं?" ती म्हणायची, "दिसतं आबा." ते खोटं नव्हतं. भीती हळूहळू मागे पडली. कदाचित उगाचच घाबरलो आपण, असं तिला वाटायला लागलं. एकदा तर नवीनही येऊन थाळीत डोकावला आणि म्हणाला, "जमलं म्हना म्हाताऱ्याले."

श्रावणात, आठवड्याच्या मधल्याच दिवशी, नवीनचा फोन आला.

"ताई, तू ये. डबक्यात काहीतरी झालं. आबा तठून उठत नहीत."

अमळनेरची घरमालकीण ताईबाई अंगणात भांडी घासत होती. नूतनचा चेहरा बघून तिने हात थांबवले. "काय व्हयनं वं बेटी? दोन घास खाई जाय." नूतनने मान हलवली आणि पिशवी खांद्याला लावली.

शेतात शिरायच्या आधीच वास आला. डबक्याच्या कडेने बेडूकमाशांचा पांढरा थर लागला होता, सगळे पोट वर करून. मोठे बेडूक काठावर येऊन बसले होते. हात लावला तरी उडी मारत नव्हते. अंग सुजलेलं, मांड्यांच्या आतून आणि पोटावर रक्त साकळल्यासारखे लाल चट्टे. आबा ढेकळं फेकून बगळ्यांना हाकलत होते. कधीपासून हाकलत होते कुणास ठाऊक. दोन्ही हात मातीने भरले होते.

"आली का?" ते म्हणाले. "औषध सांग. नवीनले धाडतो. जनावराच्या डॉक्टरले बोलावू का? विहिरीत टाकतात ते लाल औषध टाकू?"

"आबा..."

"हळद? आपल्याकडं गंज हळद हाये, पोतंभर."

"आबा, याला औषध नाही."

"तू तर यातच शिकली नं?"

"हो."

"मंग?"

"यात शिकले म्हणूनच माहीत आहे. याला काही करता येत नाही."

आबांनी हातातलं ढेकूळ टाकलं नाही. मुठीत धरूनच ते खाली बसले. बगळे पुन्हा उतरले आणि मेलेली पिल्लं टिपायला लागले. त्यांना कुणी हाकललं नाही.

नूतनने हातमोजे घातले, नमुने घेतले. मग तिने आणि नवीनने मेलेले बेडूक कॅरेटमध्ये भरून काढले, बांधाच्या कडेला खड्डा खोदून चुना टाकून पुरले. दुसऱ्या दिवशी तेवढेच पुन्हा निघाले. ज्यांच्यापायी नवीनची बाग गेली होती त्यांनाच तो फावड्याने हलकेच उचलत होता, फेकत नव्हता. तिसऱ्या दिवशी काढायला फारसं काही उरलं नाही. नव्या रक्ताची पिल्लंही गेली होती. त्यांच्यापैकी काहीजण तगतील अशी आशा नूतनने धरली होती. पण ती अजून फार लहान होती.

सुपडूभाऊच्या तळ्यातही मर लागली होती. पण तिथे काही बेडूक मेले आणि पुष्कळ राहिले. पोळ्याच्या सुमारास तिथल्या काठावर अंगठ्याएवढी पिल्लं उड्या मारताना दिसायला लागली. इकडे डबक्यावर चिडीचूप.

भाद्रपदात अहवाल आला. विषाणू होता. दोन्हीकडे एकच. आषाढात पाठवलेल्या नमुन्यांत तो सापडला नव्हता. मात्र नमुने थोडे असल्यामुळे तो तेव्हा नव्हताच असं म्हणता येणार नाही, असंही खाली नमूद केलं होतं. नूतनने प्रयोगशाळेत फोन लावून विचारलं की तो कुठून कुठे गेला हे कळेल का. तिथली बाई म्हणाली, "कठीण आहे, मॅडम. पक्ष्यांच्या पायांना लागून जातो, गुरांच्या खुरांना, ट्रॅक्टरच्या चाकांनासुद्धा. बेडूक हलवल्यानेही जातो."

घरी गेल्यावर तिने अहवालाचं नाव काढलं नाही. आबा ओट्यावर बसून दोर वळत होते. जेवणं झाली, आई आत झाकपाक करायला गेली, तेव्हा त्यांनीच विषय काढला.

"आला नं तुहा रिपोर्ट?"

"आला."

"माह्यानं आला का वं तो रोग?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. एसटीत बसून तिने उत्तरही ठरवून ठेवलं होतं. नाही आबा, तुमचा काही संबंध नाही, एवढं एकच वाक्य. पण आबा दोर सोडून थेट तिच्या डोळ्यांत बघत होते. ते वाक्य तिच्या तोंडून फुटलं नाही.

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "बगळ्यांनी आणला असेल. गुरांमुळे असेल. कळायला काही मार्ग नाही."

"म्हंजे माह्यानं बी असू शकते."

"असू शकतं."

आबांनी मान हलवली. दोर पुन्हा हातात घेतला.

"आनायच्या आधी तपासा लागते, हे मले नवीन बोलला. बेडूक पुरताना तू त्याले सांगितलं म्हने, तुह्या अर्जात व्हतं. तू मले कामून नही सांगितलं?"

"सांगणार होते, आबा. राहून गेलं. तुम्ही स्वतः जाऊन आणाल असं मला वाटलं नाही."

"मले बी वाटलं नव्हतं," ते म्हणाले. "तू म्हनली, आनाले पाह्यजे. रोज येता-जाता त्या हायवेकडं पाहाचो. म्हटलं, तुहा अर्ज कुठी पडला आसंन. एवढं जवळ तर हाये."

"आणले नसते तरी ते मेलेच असते, आबा. आज ना उद्या. त्यांच्यात टिकायचं बळच राहिलं नव्हतं."

हे खरं होतं. आबांनी ते ऐकून घेतलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. नूतनला वाटलं, आपण वाकून त्यांच्या हाताला हात लावावा. पण तसं त्यांच्या घरात कोणी करत नसे. शेवटी आबांनी आत हाक मारली, "नवीन, त्या मशीनवाल्याले फोन लाव. आता कशाले थांबतो?"

दिवाळीनंतर पोकलेन आला. डबक्याचा चिखल, बेशरमाची झुडपं, काठावरचं लव्हाळं, सगळं दोन दिवसांत उचलून बांधावर गेलं. चौकोनी खड्डा झाला, त्याच्या उतारांवर काळा कागद अंथरला गेला, वर चरात दाबला गेला. ट्यूबवेलचं पाणी सोडलं. नूतन सुट्टीत घरी होती. पण काम चालू असताना ती तिकडे फिरकली नाही. पाणी भरल्यावर संध्याकाळी गेली.

आबा कडेला खुंटी ठोकत होते. शेजारी त्यांनी वळलेला काथ्याचा जाड दोर पडला होता आणि त्याला जागोजागी गोणपाटाच्या पट्ट्या गाठी मारून बांधल्या होत्या. दोराचं एक टोक त्यांनी खुंटीला बांधलं आणि दुसरं उतारावरून पाण्यात सोडलं.

"कशाला?" तिने विचारलं.

"पडला-बिडला कोनी आत, तर पायाले धरा लागते काही. कागद लई निसरडा हाये."

वरच्या बाजूने नवीन ओरडला, "आबा, कागदाले भोक पडंन त्या खुंट्याईनं!" आबांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. ते पुढच्या कोपऱ्याकडे सरकले.

नूतन त्यांच्यामागून गेली. वर हायवेवरून ट्रक एकामागून एक जात होते, त्यांचे दिवे लागायला लागले होते.

"आबा," ती म्हणाली, "तिकडून आता इकडे कोणी येणार नाही."

"माहीत हाये मले," आबा म्हणाले. "तू ती खुंटी धर. सरळ धर."

तिने धरली.